मशीन रिकामं, तरी म्हणे ‘पाणी आहे’: पाणीपातळीच्या सेन्सरच्या दुरुस्तीच्या नोंदी

वॉशिंग मशीन फ्रंट लोड, ७ किलोचं, नऊ वर्षं वापरातलं. ज्यांच्या मशीनला हेच दुखणं असेल त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, चुकांसकट. खरं तर चुकाच जास्त आहेत. मूळ बिघाड दीड तासाच्या कामाचा होता. बाकीचे दोन आठवडे मी स्वतः ओढवून घेतले.

३ मे, शनिवार

धुणं झालं, खळबळणं झालं, आणि पिळायच्या आधी मशीन अडलं. पाणी बाहेर टाकणारा पंप सुरू झाला तो थांबेचना. आठ-दहा मिनिटं घरघर, मग पडद्यावर निचऱ्याचा एरर आणि टीं-टीं. काचेतून बघितलं तर ड्रममध्ये पाणी नाही. दार मात्र उघडेना, कारण मशीनच्या मते आत अजून पाणी होतं.

एरर निचऱ्याचा, म्हणून सगळे करतात तेच केलं. खालची झडप उघडून पंपाचा फिल्टर काढला. त्याच्या शेजारी एक बारीक काळी नळी असते. आधी तिचं बूच काढून उरलंसुरलं पाणी ताटलीत सोडायचं, मगच फिल्टरला हात लावायचा. मी थेट फिल्टर फिरवला आणि फरशी पुसत बसले. आत एक केसांची पिन, एक नाणं आणि मूठभर लोकर निघाली. ‘सापडलं!’ म्हणून परत लावलं. पुन्हा तेच.

त्या दिवशी एक गोष्ट कानावर पडत होती आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. पंपाचा आवाज. पाणी ओढणाऱ्या पंपाचा आवाज भरीव असतो. हा घुरघुरत होता, हवा खात होता. म्हणजे पाणी केव्हाच गेलं होतं.

४ मे, रविवार

निचऱ्याची मोठी नळी काढून बादलीत सोडली आणि फक्त निचरा लावला. आधी ड्रममध्ये बादलीने पाणी ओतलं होतं. १० लिटरची बादली पाऊण मिनिटाच्या आत भरली. पंप ठणठणीत, नळी मोकळी. पाणी जातंय, फक्त ते गेलंय हे मशीनला कळत नाही.

मशीनला पाणी कळतं कसं, तेवढं सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. टबच्या तळाशी एक छोटी हवेची डबी असते. तिच्यातून बोटापेक्षा बारीक रबरी नळी निघते आणि वर, झाकणाखाली बसवलेल्या सेन्सरपर्यंत जाते. टबमध्ये पाणी चढलं की डबीतली हवा कोंडते, दबते, आणि तो दाब नळीतून सेन्सरच्या रबरी पडद्यावर पडतो. सेन्सरला पाण्याचा थेंबही कधी लागत नाही. त्याच्याकडे येतो तो फक्त हवेचा दाब.

६ मे, मंगळवार

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एररचा आकडा बघितला, मशीन चालू-बंद केलं, एकही स्क्रू न काढता म्हणाला, “ताई, बोर्ड गेलाय.” (बोर्ड म्हणजे सगळं मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी.) नव्या मशीनच्या जवळपास निम्मा खर्च सांगितला. विचार करून कळवते म्हटलं. पंप सुरू होतोय, दार लॉक होतंय, ड्रम फिरतोय, पाणी घेतंय, आणि एवढं सगळं नीट करणारा बोर्ड नेमका एकाच बाबतीत कसा जाईल, हे काही पटेना.

७ मे, बुधवार, रात्री

प्लग काढून दहा मिनिटं थांबले (बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज राहते). झाकणाचे मागचे दोन स्क्रू काढले, झाकण मागे सरकवून उचललं. सेन्सर लगेच दिसला: उजव्या बाजूला वर, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी गोल प्लॅस्टिकची चकती, खाली नळी, वर तीन तारांचा कनेक्टर. काही सुटं करण्याआधी फोटो काढले. हे एक काम मी पहिल्या फटक्यात बरोबर केलं.

आधी सेन्सरमधली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, मोजली. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) ओहमवर, कनेक्टर काढून, बाजूच्या दोन पिनांमध्ये २१ ओहम. तुटलेली नाही.

मग फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेन्सरमधली वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते ते. ती हर्ट्झमध्ये मोजतात. या जातीच्या सेन्सरमध्ये पडद्याला फेराइटचा (लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला) एक दांडा जोडलेला असतो. दाब वाढला की तो कॉइलमध्ये सरकतो आणि सेन्सरची फ्रिक्वेन्सी उतरते. बोर्ड ती मोजतो. म्हणजे रिकाम्या मशीनला आकडा सगळ्यात जास्त आणि पाणी चढेल तसा कमी. हर्ट्झ मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो.

पण हे मोजमाप वीज चालू असताना करावं लागतं, म्हणून इथे जरा थांबा. वॉशिंग मशीनच्या बऱ्याच बोर्डांत कमी व्होल्टेजची बाजू मेन्सपासून वेगळी केलेलीच नसते. ५ व्होल्टची तार म्हणून बिनधास्त हात लावाल तर घरच्या विजेचा झटका बसेल. मी प्लग काढलेला असताना इन्सुलेशन असलेल्या मगरचिमट्या लावल्या, मीटर बाजूला स्टुलावर ठेवला, हात मागे घेतले आणि मगच प्लग लावला. वाचायचं फक्त डोळ्यांनी. काही हलवायचं असेल तर आधी पुन्हा प्लग काढायचा.

रिकामं मशीन: २४.९ किलोहर्ट्झ. आता हा चांगला की वाईट? प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा, माझ्याकडे कुठला तक्ता नाही. मग सुचलं की शून्य दाबाचा आकडा आपल्यालाच काढता येईल. प्लग काढला, सेन्सरवरची नळी उपसली, सेन्सर उघड्या हवेत. प्लग लावला: २६.१.

नळी उपसताना बारीक ‘फुस्स’ असा आवाजही आला होता. ड्रम कोरडा आणि नळीत दाब! सेन्सर खरं तेच सांगत होता. त्याच्यापर्यंत शिळा दाब पोचत होता. खाली डबीचं तोंड कशाने तरी बुजलं होतं, आणि पाणी गेलं तरी कोंडलेली हवा सुटत नव्हती.

नळीचं वरचं टोक तोंडात धरून फुंकलं. आधी जाईना. मग गालांत जेवढा जोर होता तेवढा लावला आणि खाली ‘बुडुक’ असं झालं. नळी जोडली. मशीन पिळायला लागलं! रात्री साडेअकराला, एकट्या टॉवेलसाठी. मी समोर उभी राहून पूर्ण पिळणं बघितलं.

१० मे, शनिवार

दोन धुणी नीट झाली, तिसऱ्याला पुन्हा अडलं. साहजिक आहे. मी फुंकून गाळ काढला नव्हता, त्यात एक भोक पाडलं होतं. ते परत मिटलं.

आता जे केलं ते लिहायला लाज वाटते. फुंकरीने भागत नाही म्हणून सायकलचा हातपंप आणला. नळीत चार दणके दिले, तिथपर्यंत ठीक, नळी सेन्सरपासून सुटी होती. मग वाटलं, सेन्सरच्या तोटीतही कचरा असेल. तिथेही पंप लावून दोन दणके दिले.

या सेन्सरचा सगळा जन्म काही सेंटिमीटर पाण्याचा दाब मोजण्यात जातो. सायकलचा पंप त्याच्या शेकडो पट दाब सहज देतो. त्या वेळी हे डोक्यात आलं नाही. एक हलका ‘टक्’ ऐकू आला, तो मी कचरा सुटल्याचा समजले.

मशीन लावलं. पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं. नेहमीची पातळी ओलांडली, काचेच्या मध्यापर्यंत आलं, त्याच्याही वर गेलं. धावत जाऊन प्लग उपसला आणि नळ बंद केला. मीटरवर नंतर बघितलं तर अर्धा ड्रम भरलेला असतानाही २६.१. आधी मशीनला रिकामं असताना भरल्यासारखं वाटत होतं, आता भरलेलं असताना रिकामं. प्रगती म्हणायची तर हीच.

११ मे, रविवार

पुन्हा कॉइल मोजली: २१ ओहम, होती तेवढीच. ‘म्हणजे सेन्सर चांगला’ असं म्हणून मी बोर्डाच्या कनेक्टरमागे लागले. पिना पुसल्या, तारांची सलगता तपासली, एकेक तार हलवून बघितली. तीन तास गेले. दुरुस्तीवाल्याचा ‘बोर्ड गेलाय’ कानात घुमायला लागला.

मल्टिमीटर कॉइलची तार तपासतो, रबराचा पडदा तपासत नाही, हे संध्याकाळी ध्यानात आलं. सेन्सर काढून तोटीवर बारीक नळीचा तुकडा लावला आणि अगदी हळू, गरम चहावर फुंकतो तेवढं, फुंकलं. चांगल्या सेन्सरमध्ये हवा अडते, जीभ नळीच्या टोकावर ठेवली तर दाब जाणवत राहतो. माझी हवा सरळ आत गेली आणि मागच्या छोट्या भोकातून बाहेर आली. पडदा फाटला होता. मी फाडला होता.

नवा सेन्सर मागवला. चकतीवरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवून मागवा. दिसायला सारखे पुष्कळ असतात, पण कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पाणी हे बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये ठरलेलं असतं. दिसण्यावर जाऊन घेतलात तर मशीन चालेल, पण पाणी चुकीचं घेईल. बोर्डाच्या मानाने सेन्सरची किंमत किरकोळ. तरी चांगला असलेला भाग स्वतः मारून पुन्हा विकत घेताना हात आखडतोच.

सेन्सर येईपर्यंत खालचं काम उरकलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं होतं. मशीन आम्ही दोघांनी ओढून भिंतीपासून लांब केलं. आत काँक्रीटची वजनं असतात, एकट्याने ओढू नका. मागच्या पत्र्याचे सहा स्क्रू काढले. टबच्या तळाला डावीकडे ती डबी, आखूड रबरी कोपऱ्याने टबला जोडलेली, स्प्रिंगच्या क्लिपने आवळलेली. खाली फडकं अंथरून क्लिप सरकवली. वरची बारीक नळी डबीच्या तोटीवरून निघेना, म्हणून चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

डबीच्या तोंडाशी राखाडी, मेणासारखा गोळा, अंगठ्याच्या नखाएवढा. न विरघळलेली पावडर, कपडे मऊ करायच्या द्रवाचा चिकटा आणि कपड्यांचे तंतू. रबरी कोपऱ्यातही तेच अस्तर. आम्ही जवळजवळ सगळे कपडे थंड पाण्यात धुतो आणि पावडर मापापेक्षा ‘थोडी जास्त’ घालतो. त्या थोड्या जास्तचा नऊ वर्षांचा हिशेब हातात आला. गरम पाणी, जुना टूथब्रश, पंधरा मिनिटं. टबच्या बाजूचं भोकही बोटाने कोरून काढलं. परत जोडलं.

१४ मे, बुधवार

सेन्सर आला. जोडला. उघड्या हवेत २६.०, जुन्याच्या अगदी जवळ. मशीन लावलं, पाणी बरोबर पातळीला थांबलं, आकडा २४.३. सुस्कारा सोडला.

पाच-सात मिनिटांनी मशीनने पुन्हा घोटभर पाणी घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा. कपडे पाणी पितात हे ठीक, पण मी रिकाम्या ड्रमवर तपासत होते. तासाभरात पाणी नेहमीपेक्षा चार बोटं वर. शेवटी सगळा निचरा झाला, पिळणंही झालं. म्हणजे बुजलेपण गेलं होतं आणि नवीनच काहीतरी लागलं होतं.

पहिला संशय स्वतःवरच, आणि तो अगदीच अस्थानी नव्हता. मधे एकदा टबमध्ये पाणी असताना मी नळी काढून परत लावली होती. तसं केलं की डबीतली हवा निघून जाते, पाणी डबीत शिरतं, आणि नळी पुन्हा लावल्यावर सेन्सर तिथूनच शून्य धरतो. मग तो असलेल्या पाण्यापेक्षा कमीच सांगणार. नळी जोडायची ती टब पूर्ण रिकामा असतानाच. म्हणून निचरा करून, नळी काढून, झटकून परत जोडली. नळीला मधे झोळ पडला होता, तोही काढला. झोळात पाण्याचा थेंब अडकला तरी आकडा चुकतो, नळी खालून वर चढतीच हवी.

पुन्हा मशीन लावलं. पुन्हा घोट-घोट.

या वेळी मीटर लावून नुसती बघत बसले. पाणी थांबलं तेव्हा २४.३. मग २४.४, २४.५, २४.६. काचेतली पातळी तशीच, आकडा मात्र चढतोय, म्हणजे दाब उतरतोय. पाणी कुठे जात नव्हतं. हवा गळत होती.

१७ मे, शनिवार

हवेची गळती सेन्सरमध्ये, नळीत की डबीत? अंदाज पुरे झाले म्हणून साधा दाबमापक केला. पारदर्शक बारीक नळी मोजपट्टीला इंग्रजी यू अक्षरासारखी चिकटवली, तिच्यात शाई घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं. मशीनची नळी सेन्सरवरून काढून या नळीच्या एका टोकाला जोडली, दुसरं टोक उघडं. वीज लागत नाही, झटक्याची भीती नाही, आणि खोटं बोलायला त्यात काही नाहीच.

जोडल्यावर मग बादलीने ड्रममध्ये पाणी ओतलं, दाराच्या ओठाच्या खालीपर्यंत. शाईच्या दोन बाजूंत ११ सेंटिमीटरचा फरक दिसायला लागला. घड्याळ लावलं. पाच मिनिटांत तो ६ सेंटिमीटरवर आला. सेन्सर तर जोडलेलाच नव्हता, त्यामुळे तो सुटला. हे मापक मी ७ तारखेला केलं असतं तर बरंच काही वाचलं असतं, निदान एक सेन्सर तरी.

निचरा करून नळी पूर्ण बाहेर काढली. एक टोक बोटाने दाबलं, दुसऱ्यातून हलकं फुंकलं आणि नळी बादलीत बुडवून इंचाइंचाने सरकवली. बॅटरी धरून उभा असलेला मुलगा ओरडला, “आई, इथे! बुडबुडे!” डबीवर चढणाऱ्या टोकापासून एक सेंटिमीटरवर, रबरात आडवी चीर. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याएवढ्या रुंदीची.

रबरावर चिकटपट्टी किंवा गोंद लावायचा मोह होतो. लावू नका. तिथे सतत कंप असतो, आठवडाभरात सुटेल. नळीला थोडी ढील होती, म्हणून धारदार पात्याने टोकाचे २ सेंटिमीटर सरळ कापून टाकले आणि नवं टोक तोटीवर चढवून बारीक क्लिप लावली. ढील नसती तर नळीच नवी घेतली असती. सगळ्यात स्वस्त भाग तोच. आणि अशी रुतलेली नळी काढायची तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळायचं, मग पिळत पिळत ओढायची. लोखंडाचं काही तिथे न्यायचंच नाही.

पुन्हा शाईची नळी, पुन्हा पाणी: ११ सेंटिमीटर. दहा मिनिटांनी ११. अर्ध्या तासाने, जेवून आल्यावर, ११.

सेन्सर जोडला, झाकण लावलं. झाकण बसवल्यावर एक स्क्रू हातात उरला, तो मागच्या पत्र्याचा होता. पूर्ण धुणं: पाणी एकदाच, निचरा तीन मिनिटांत, पिळणं पूर्ण.

एकूण वेळ साधारण पंधरा तास. त्यातले दीड डबी साफ करायचे. बाकी फिल्टर, बादल्या, कनेक्टर, फाटलेला पडदा आणि चिरलेली नळी.

१४ जून, शनिवार

महिना होत आला. आठवड्यातून एक धुणं ६० अंशांवर लावते, पावडर मापाने. आज मुद्दाम झाकण उघडून मोजलं: रिकामं मशीन, नळी जोडलेली, २६.०. नळी काढून, २६.०. काढताना फुस्स झालं नाही.

फाटका सेन्सर खणात ठेवलाय. सायकलचा पंप मुलाने त्याच्या खोलीत नेऊन ठेवलाय. मागितला तर आधी कशाला हवाय ते विचारतो.